जीएलसी की एक्स३? सही करण्याआधी हे तपासा

मर्सिडीज जीएलसी २२०डी आणि बीएमडब्ल्यू एक्स३ २०डी, दोन्हींत २ लिटरचं डिझेल इंजिन आणि चारही चाकांना ताकद. त्यामुळे कागदावर तुलना करून फारसं हाती लागत नाही.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. घरातली चार माणसं बसवा, सीट तुमच्या उंचीप्रमाणे लावा आणि मग स्वतः मागे बसून गुडघ्यांना जागा उरते का ते बघा. नेहमीच्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं का, हे भरल्या गाडीतच कळतं. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीला तुम्ही घेणार त्याच मापाचे टायर हवेत. रिम मोठा म्हणजे टायरची भिंत कमी, खड्ड्यात टायर फुटण्याची भीती जास्त. डिकीची फळी उचलून स्टेपनी आहे का पाहा. स्टेपनीऐवजी रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाला तरी चालणारा टायर असेल, तर तो हवा गेल्यावर साधारण ८० किमीच नेतो, तेही ताशी ८० च्या आत.

रोज चार-पाच किलोमीटरच फिरणार असाल तर डिझेल घेऊच नका. धुराचा फिल्टर अडकलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो. त्यासाठी सलग वीसेक मिनिटं मोकळा रस्ता लागतो. तो मिळाला नाही की फिल्टर तुंबतो.

कोटेशन ऑन-रोडच (कर-विम्यासकट) घ्या, विम्याची आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर मिळणारी कमाल रक्कम) दोन्हीकडे तुल्यबळ ठेवून. महाराष्ट्रात गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर रोड टॅक्स वैयक्तिक नोंदणीपेक्षा बराच जास्त बसतो. उत्पादनाचा महिना लेखी मागा.