प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचंच नाव, म्हणून अडकलेली बांधकाम परवानगी

दहिसर गावठाणातलं जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं, आर्किटेक्टने प्लॅन ऑनलाइन टाकला आणि फाइल परत आली. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचंच नाव, शिवाय कार्डावर 142 चौरस मीटर आणि प्लॅनमध्ये 149! आधी सिटी सर्व्हे ऑफिसात वारस नोंद केली, बाबांसोबत आत्याचंही नाव चढवलं (तिचा हक्कच आहे तो), मग सरकारी मोजणी. टेप लावल्यावर कळलं, आजी बंब पेटवायची ते न्हाणीघरच शेजाऱ्यांच्या हद्दीत होतं, तेवढा भाग सोडून प्लॅन नव्याने काढला, डीपी रिमार्क (विकास आराखड्यात आपली जागा कशासाठी दाखवलीय, त्याचा पालिकेचा दाखला) जोडला, मग आयओडी (प्लॅनला पालिकेची अटींसह मंजुरी) मिळाली. पण नुसत्या आयओडीवर काम सुरू करू नका हां, सीसी (काम सुरू करायचा दाखला) लागतेच, आमची परवा आली.