राऊटर आणायला जाण्याआधी: मराठवाड्यातल्या घरासाठी तयारीची यादी

दुकानात जाऊन "एक चांगला डुअल बँड राऊटर दाखवा" म्हटलं की दुकानदार चार-सहा अँटेनांचा खोका पुढे सरकवणार आणि आपण अँटेना मोजून तो घरी आणणार. अँटेनांच्या संख्येवरून राऊटरबद्दल फारसं काही कळत नाही. कोणता घ्यायचा हे ठरतं आपल्या घराच्या भिंतींवरून, घरात येणाऱ्या वायरवरून आणि आपल्या फीडरवर लाइट कशी असते त्यावरून. या तिन्ही गोष्टी पैसा न खर्चता घरबसल्या तपासता येतात, म्हणून यादीत त्या आधी घेतल्या आहेत.

सगळ्यात आधी भिंती बघा. डुअल बँड म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा राऊटर. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटर लांबीची. ती भिंतीतून बऱ्यापैकी जाते, पण वेग कमी आणि गर्दी फार. शेजाऱ्यांचं वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे तिथेच घुसलेले. ५ ची लहर त्याच्या निम्म्याहूनही लहान. वेग भरपूर, पण जाड भिंतीपुढे ती हात टेकते. आता आपल्याकडची घरं डोळ्यांपुढे आणा. लातूर-धाराशिवकडचा जुना वाडा असेल तर दगड आणि पांढऱ्या मातीची दोन-अडीच फुटी भिंत, वर माळवद. ढाळजेत (दारालगतच्या बैठकीच्या ओसरीत) लावलेल्या राऊटरचा ५ गिगाहर्ट्झ माजघरात पोचेल ही आशा तिथे सोडाच. विटांची, स्लॅबची घरं त्या मानाने बरी: एक भिंत सहज पार होते, दुसरीला वेग घसरतो, आणि स्लॅबमधल्या सळ्यांमुळे वरच्या मजल्यावर आणखी कमी मिळतं. पत्र्याचं घर मात्र फसवं. पत्रा लहर परतवून लावतो, त्यामुळे आत झकास चालतं आणि बाहेर अंगणात बाजेवर टेकलं की व्हिडिओ अडकतो. लोखंडी कपाट, पत्र्याची धान्याची कोठी, भरलेली पाण्याची टाकी हेही असेच आडवे येतात, ते कुठे आहेत हे पाहून ठेवा.

हे सगळं अंदाजावर ठेवायची गरज नाही. जिथे राऊटर बसवायचा विचार आहे तिथे एक फोन ठेवून त्याचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सुरू करा (बहुतेक अँड्रॉइड फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड निवडता येतो). दुसऱ्या फोनवर वायफाय ॲनालायझरसारखं एखादं फुकटचं ॲप घ्या आणि घरभर फिरा. सिग्नलचा आकडा उणेत दिसेल: उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली गेलं की कटकट सुरू. औशाकडच्या एका नातलगांच्या वाड्यात असं फिरलो तेव्हा चौकात उणे ५५ होतं, माजघराच्या उंबऱ्यावर उणे ७२, आणि उंबरा ओलांडून दोन पावलं आत गेलो तर यादीतून नावच गेलं. फोनची ताकद राऊटरपेक्षा कमी असते, तेव्हा फोनला जे जमलं ते राऊटरला जमणारच. पण भिंतीने नावच गिळलं असेल तर महागडा राऊटरही फार काही करू शकत नाही. अशा घरात एक महाग डबा घेण्याऐवजी दोन साधे घ्यावेत आणि मधे लॅनची वायर ओढावी, हे माझं स्पष्ट मत. रिपीटर स्वस्त दिसतो, पण आधीच थकलेला सिग्नल तो पुढे पाठवतो आणि बऱ्याचदा वेग निम्म्यावर आणतो. वायर घेताना कॅट सिक्स दर्जाची मागा आणि पूर्ण तांब्याचीच आहे ना ते विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्तात मिळते, ती घेऊ नका. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर, म्हणजे गावातल्या घरातून शेतातल्या आखाड्यावर इंटरनेट न्यायचं असेल तर तो वेगळाच विषय.

दुसरी गोष्ट, घरात येतं ते काय? केबलवाल्याला सरळ विचारा: फायबर थेट घरातल्या डब्यापर्यंत येते, की चौकातल्या किंवा शेजारच्या गच्चीवरच्या स्विचवरून लॅनची वायर ओढून दिली आहे? फायबर घरात येत असेल तर मधल्या फाट्यांना बहुधा वीज लागत नाही. कंपनीच्या टोकाला आणि तुमच्या घरात वीज असली की झालं. स्विचवरून तांब्याची वायर आली असेल तर त्या गच्चीवरची लाइट गेली की तुमचं नेटही गेलं, मग घरी कितीही बॅटऱ्या लावा. शिवाय वैशाखात वळवाच्या वेळी वीज कडाडायला लागली की गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या वायरीतून झटका थेट राऊटरच्या पोर्टात येऊ शकतो. आभाळ भरून आलं की अडॅप्टरबरोबर ती वायरही काढून ठेवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

कंपनीने दिलेला फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, उलटा करून खालचं स्टिकर वाचा. त्यावर वायफायची दोन नावं असतील आणि एकाच्या शेवटी ५जी असेल, तर तुमच्याकडे डुअल बँड आधीच आहे. बाजारात जाण्याआधी तोच डबा टीव्हीच्या मागून काढून घराच्या मध्यावर उंच ठेवून बघा. नवा राऊटर घ्यायचाच असेल तर कंपनीवाल्याकडून जुना डबा ब्रिज मोडवर (म्हणजे तो नुसतं नेट पुढे देईल आणि बाकीचं काम नवा राऊटर करेल असा) करून मिळेल का, पीपीपीओई (युजरनेम टाकून नेट सुरू करायची पद्धत) असेल तर त्याचं युजरनेम-पासवर्ड काय, आणि कनेक्शन मॅक ॲड्रेसला (प्रत्येक डब्याच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं आहे का, हे आधीच कागदावर लिहून घ्या. नंतर माणूस सापडत नाही.

तिसरी लाइट. राऊटरला फार वीज लागत नाही. अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेलं असलं तरी खर्च १२ वॅटच्या आतच असतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर यूपीएस मोडचं छोटं बटण आहे का बघा. ते चालू नसेल तर लाइट जाता-येताना राऊटर दर वेळी बंद होऊन नव्याने सुरू होतो आणि मुलांच्या ऑनलाइन टेस्टचा खोळंबा होतो. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. तो घेताना व्होल्ट आणि पिन दोन्ही जुळवा. काही राऊटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ लावून बसू नका. आणि ओएनटी विसरू नका. राऊटरला बॅटरी दिली आणि ओएनटी भिंतीच्या प्लगवरच राहिला, तर लाइट गेल्यावर फोनमध्ये वायफाय पूर्ण दिसतं आणि नेट मात्र शून्य.

एवढं झालं की मग खोका वाचायचा, त्याला फार वेळ लागत नाही. एसी १२०० म्हणजे वायफाय ५ (वायफायची आधीची पिढी), २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७ मेगाबिट यांची गोळाबेरीज. एएक्स १५०० म्हणजे त्यापुढची पिढी, वायफाय ६, ३०० अधिक १२०१. एएक्स ३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. ही बेरीज कोणत्याही एका फोनला मिळत नाही, प्रत्यक्षात एका पट्टीवरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास धरा. मी खोक्यावर आधी पोर्ट बघतो. वॅन (बाहेरून नेट येतं ते) आणि लॅन (घरातल्या वायरींचे) पोर्ट गिगाबिट आहेत असं लिहिलेलं नसेल आणि नुसतं १०/१०० असेल, तर २०० मेगाबिटचा प्लॅन घेतला तरी ९५ च्या वर आकडा जाणार नाही. दुकानात अजूनही असे डुअल बँड राऊटर भरपूर आहेत. १०० मेगाबिटच्या आतल्या प्लॅनला, चार-पाच फोनच्या घराला एसी १२०० पुरतो. घरात दोघं-तिघं घरून काम करणारे, लातूरच्या क्लासचे व्हिडिओ बघणारी मुलं आणि टीव्ही असं सगळं एकदम चालत असेल तर वायफाय ६ ला थोडे जास्त पैसे घाला. एकाच वेळी अनेक उपकरणं सांभाळायला ते बरं पडतं. भाच्याने परदेशातून आणून दिलेला राऊटर असेल तर प्लग, आणि सेटिंगमध्ये कोणत्या देशाचे वायफाय चॅनेल आहेत ते आधी तपासा. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा आपल्याकडे २०१८ पासून विनापरवाना खुला आहे, तरी सगळ्या देशांचे चॅनेल सारखे नाहीत.

सीसीटीव्ही कॅमेरे, वायफायचे प्लग, जुने प्रिंटर बहुतेक २.४ वरच चालतात. दोन्ही बँडना एकच नाव दिलं की कॅमेरा जोडताना डोकं फिरतं. त्यामुळे दोन नावं वेगळी ठेवता येतील असा राऊटर असू द्या. सेटिंगमध्ये शिरायचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, आणि सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए ३ असेल तर ते निवडा, नाहीतर डब्ल्यूपीए २. गल्लीतल्या पोरांना पासवर्ड द्यायचाच असेल तर गेस्ट नेटवर्कचा द्या.

जागा ठरवताना परभणी-नांदेडचा मे महिना आठवा. पारा ४२-४३ वर असताना कोनाड्यात, पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राऊटर तापतो आणि अडखळतो. मोकळी हवा, छातीच्या वर उंची, स्वयंपाकघराच्या फोडणीपासून लांब. वर रुमाल झाकू नका. धूळ कोरड्या ब्रशने झाडा, आणि मागच्या फटीत पाल शिरली नाही ना तेही बघा. हसू नका, शिरते.

बिलावर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहून घ्या, बदलून मिळण्याची मुदत विचारा आणि त्या मुदतीतच घरभर पुन्हा फोन घेऊन फिरा. जुना राऊटर भंगारात घालू नका. त्याचा आयपी पत्ता बदला, त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि नव्या राऊटरकडून आलेली वायर वॅनऐवजी लॅन पोर्टात खोचा. माजघरासाठी तेवढा पुरतो.