महिन्याला पैसे कापले जातात, पण लिहून किती होतं?

मे महिन्यातल्या एका दुपारी कूलरसमोर बसून बँकेचं स्टेटमेंट चाळत होते. त्यात एक ओळ दर महिन्याला दिसायची. इंग्रजी व्याकरण तपासून देणाऱ्या एका सेवेचे पैसे ११ महिने कापले जात होते. मी लिहिते मराठीत. कधीतरी एका इंग्रजी अर्जापुरती फुकट चाचणी घेतली होती, ती बंद करायची राहून गेली. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढ्याचे तर्री-पोहे खाल्ले असते तं पोट तरी भरलं असतं." त्यानंतर लेखनासाठी म्हणून घेतलेल्या सगळ्या डिजिटल वर्गण्यांचा मी हिशोब लावला, तो असा.

१. आधी गळती शोधा

तीन ठिकाणी बघा. यूपीआय अ‍ॅपमधला 'ऑटोपे' विभाग, फोनमधल्या प्ले स्टोअरच्या खात्यातली 'सबस्क्रिप्शन्स' आणि कार्डावर दिलेल्या कायमच्या परवानग्या, ज्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर सापडतात. अ‍ॅप फोनवरून उडवलं म्हणजे वर्गणी बंद झाली, असं होत नाही. मी तेच केलं होतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि पहिली परवानगी दिल्यावर १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे मला ११ सूचना आल्या होत्या. वाचल्या एकही नाहीत.

२. यादीतल्या प्रत्येक नावाला एकच प्रश्न

गेल्या महिन्यात याच्यामुळे माझ्या लिखाणात काय उतरलं? उत्तर सुचायला वेळ लागला, तर ते नाव खोडा. वेब सिरीज म्हणजे पटकथेचा अभ्यास, ही सबब मी स्वतःला बरेच महिने दिली आहे. करमणुकीचे पैसे जरूर द्या, फक्त ते लेखनाच्या खात्यात लिहू नका.

३. फुकट काय मिळतं, ते आधी वापरून बघा

लेखकांसाठी म्हणून विकली जाणारी बहुतेक साधनं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनलेली असतात. मराठी लिहिणाऱ्याला त्यांचा उपयोग थोडा, आणि ज्याचा खरा उपयोग आहे ते बरंचसं विनामूल्य आहे.

शब्दांसाठी 'बृहद्कोश' हे संकेतस्थळ उघडून ठेवा. एकाच शोधात कितीतरी मराठी कोश चाळून होतात. मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहातही आहेत. दाते-कर्व्यांकडे अनेक शब्दांपुढे वऱ्हाडी-नागपुरी वापराची नोंद सापडते. पुण्याच्या संपादकाला आपला शब्द 'चुकीचा' वाटला, की मी ती नोंद पाठवते. विश्वकोशही ऑनलाइन वाचता येतो. फॉन्टला पैसे देऊ नका, 'मुक्त' सारखे चांगले युनिकोड देवनागरी फॉन्ट मोफत आहेत.

हात दुखत असेल तर गुगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग मराठी लिहून घेतं. संगणकावर ते क्रोममध्ये उघडा. विरामचिन्हं हातानंच द्यावी लागतात. आणि आपल्याकडची एक अडचण सांगते: उन्हाळ्यात कूलर सुरू असताना ते निम्मे शब्द भलतेच ऐकतं. मी पहाटे बोलते, कूलर बंद करून.

४. पैसे द्यायचेच, तर आधी साठवणीला

हा एकच खर्च मी डोळे झाकून करते. गुगल खात्यात १५ जीबी फुकट असतात, पण ती जागा मेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत वाटलेली असते. लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली, की नवीन मेल येणं थांबतं. संपादकाचं उत्तर परत गेलं, तर तुम्हाला कळणारही नाही. म्हणून सगळ्यात लहान मासिक योजना घ्या. लेखकाला तेवढी पुरते, कारण कादंबरीची फाइल एका व्हिडिओपेक्षाही लहान असते.

मात्र साठवण म्हणजे बॅकअप नव्हे. एका यंत्रावर फाइल उडवली की जोडलेल्या सगळ्या यंत्रांवरून ती उडते. ड्राइव्हच्या कचराकुंडीत ती ३० दिवस असते, त्यानंतर गेली. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं लेखन एका पेन ड्राइव्हवर उतरवा. डॉक्समध्ये लिहीत असाल, तर प्रत्येक खर्ड्याच्या शेवटी 'आवृत्ती इतिहासा'त जाऊन त्या आवृत्तीला नाव द्या. तिसऱ्या खर्ड्यात काढून टाकलेला परिच्छेद पाचव्यात हवासा वाटतो, हे ठरलेलंच.

५. वाचनाचं एका वेळी एकच

स्टोरीटेलवर मराठी ऑडिओ पुस्तकं भरपूर आहेत, किंडल अनलिमिटेडवर वाचायची पुस्तकं. दोन्ही एकदम घेऊ नका. एक महिना कान, पुढचा महिना डोळे. वर्गणी संपली की अनलिमिटेडवरून घेतलेली पुस्तकंही जातात, तेव्हा टिपणं वेगळ्या वहीत काढा. पुन्हा पुन्हा लागणारं पुस्तक सरळ विकत घ्या.

डिजिटल वर्गणीत वाचलेल्या पैशांतून एक छापील नियतकालिक लावा. नागपूरच्या झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, मेट्रोचं स्टेशनही चौकाच्याच नावाचं. संघ १९२३ चा, आणि 'युगवाणी' हे त्याचं मुखपत्र. जिथं आपलं लिखाण छापून यावं असं वाटतं, ते अंक आधी वाचायला नकोत का?

६. संदर्भसाहित्य कामापुरतं

जेस्टोर या संशोधन लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट खातं उघडलं, तर महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. सरकारी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकत असाल, तर जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेची ग्रंथालयात चौकशी करा. सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं त्यात आहेत. वृत्तपत्राचा सशुल्क संग्रह हवाच असेल, तर आधी लागणाऱ्या विषयांची आणि तारखांची यादी करा, मग एक महिन्याचे पैसे भरा आणि त्या महिन्यात ठाण मांडून बसा.

एआयची वर्गणी? फुकट मिळतं त्यालाच आधी तुमची दोन पानं तपासायला द्या, त्यातही एक पान वऱ्हाडी संवादाचं. संवाद 'शुद्ध' होऊन परत आले, तर पैसे खिशातच राहू द्या.

७. घेतानाच बंद करा

वर्गणी घेतली की पाच मिनिटांत ती रद्द करा. बहुतेक सेवा भरलेला महिना संपेपर्यंत सुरूच राहतात. अटींत तसं लिहिलंय ना, एवढं आधी बघा. वार्षिक योजना स्वस्त दिसते, पण सलग तीन महिने वापर झाल्याशिवाय तिच्या नादी लागू नका. किंमत बघताना १८ टक्के जीएसटी धरला आहे का तेही पाहा, आणि डॉलरमधली असेल तर कार्डावरचा परकीय चलनाचा अधिभार वेगळा.

माझ्या यादीत सध्या साठवण आणि ऑडिओ पुस्तकं आहेत. ऑडिओची मुदत २६ तारखेला संपते, अजून तीन प्रकरणं ऐकायची राहिलीत.