कोल्हापूर ते न्यूयॉर्क: आई-वडिलांना लांबच्या विमानात बसवण्याआधी

मुंबईहून न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला जाणारं थेट विमान पंधरा-सोळा तास हवेत असतं. कोल्हापूरच्या माणसाचा प्रवास मात्र त्याच्या दुप्पट. गाडीने पुण्यावरून मुंबई गाठायला आठ-नऊ तास, विमानतळावर तीन-चार तास, मग विमान, आणि उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. तीस तास झाले, आणि त्यातले पंचवीस खुर्चीत. लेकाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या साठी-सत्तरीच्या माणसांची तयारी विमानतळावर सुरू करून उपयोग नाही, ती घरातूनच करायची.

आधी भीती मापात आणू. पाच विमान कंपन्यांच्या २००८ ते २०१० या काळातल्या सुमारे बारा हजार वैद्यकीय घटना एका अभ्यासात तपासल्या गेल्या. दर ६०४ उड्डाणांमागे एकदा कुणाची तरी तब्येत बिघडली होती. त्यात सदतीस टक्के भोवळीच्या, बारा टक्के श्वासाच्या, त्याखालोखाल मळमळ-उलटीच्या. विमान वाटेत उतरवावं लागलं ते सात टक्के वेळा. मृत्यू ०.३ टक्के, आणि त्यातले बहुतेक हृदय बंद पडल्यामुळे. विमानात दगावणारा माणूस बहुधा आजार घरूनच घेऊन चढलेला असतो. म्हणून तिकिटाआधी डॉक्टर.

हवा विरळ म्हणजे किती विरळ

केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. आपलं कोल्हापूर साधारण ५५० मीटरवर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास, उटी २२४० मीटर. म्हणजे न्यूयॉर्कपर्यंत माणूस उटीत बसून असतो म्हणा ना. धडधाकट माणसाच्या रक्तातला ऑक्सिजनही ९० ते ९३ टक्क्यांपर्यंत उतरतो आणि त्याला काही जाणवत नाही. पण ज्याचा घरीच ९२ असतो, त्याला तिथून खाली उतरायला जागा राहत नाही.

घरच्या घरी दोन चाचण्या करा, प्रवासाच्या तीन आठवडे आधी. एक, सपाट रस्त्यावर पन्नास मीटर न थांबता, धाप न लागता चालता येतं का? रंकाळ्याच्या फुटपाथवर बघा. जिना असेल तर एक मजला चढून बघा. दोन, ऑक्सिमीटर. नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, हात गार नकोत, आणि पाच मिनिटं शांत बसल्यावरचा आकडा धरायचा. ९५ च्या वर असेल आणि दम, हृदयाचा आजार नसेल तर काळजी नाही. ९२ ते ९५ आणि सोबत फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर छातीच्या डॉक्टरांकडे जाऊनच ठरवा. ९२ च्या खाली असेल तर विमानात ऑक्सिजन लागणार हे धरून चाला. हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असेल तरी तेच. बायकांमध्ये हा आकडा तपासायचा राहून जातो, कारण 'अशक्तपणा तर नेहमीचाच' म्हणून सोडून दिलेलं असतं.

घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेऊ देत नाहीत. मान्यताप्राप्त पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर (हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं छोटं यंत्र) चालतो, पण त्याची मंजुरी आधी घ्यावी लागते आणि बॅटऱ्या प्रवासाच्या वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या लागतात. सोळा तासांच्या उड्डाणाला चोवीस तासांच्या. सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, सामानात नाहीत.

कुणी थांबायचं

कंपनीगणिक दिवस थोडे बदलतात, पण अंदाज असा. गुंतागुंत नसलेली अँजिओप्लास्टी: तीन ते पाच दिवस. साधा हार्ट अटॅक: सात ते दहा दिवस, आणि तेही त्रास पूर्ण थांबलेला असेल तर. बायपास: दहा ते चौदा दिवस. पोटाचं मोठं ऑपरेशन: दहा दिवस, कारण उंचीवर पोटातला वायू साधारण तीस टक्क्यांनी फुगतो आणि टाक्यांवर ताण येतो. दुर्बिणीतून झालं असेल तर चार-पाच दिवस. मोतीबिंदूचं दुसऱ्या दिवशीही चालतं, पण पडद्याचं ऑपरेशन करून डोळ्यात वायू भरला असेल तर तो विरेपर्यंत विमान अजिबात नाही. त्याला दोन ते सहा आठवडे लागतात आणि नेमका आकडा ऑपरेशन करणाऱ्यालाच विचारायचा. फुगलेला वायू डोळ्यातला दाब वाढवतो आणि दृष्टी जाऊ शकते.

गुडघा बदलला असेल तर लांबच्या प्रवासाला साधारण तीन महिने थांबवतात. नातवाच्या बारशाची तारीख आणि गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख एकमेकांवर आली तर बारसं पुढे ढकला.

शंका असेल तिथे विमान कंपनीचा 'मेडिफ' नावाचा फॉर्म मागवा. अर्धा भाग तुम्ही भरायचा, अर्धा डॉक्टरांनी. ४८ ते ७२ तास आधी पोचवावा लागतो, पण तिकीट काढतानाच मागितला तर धावपळ होत नाही. व्हीलचेअरही तेव्हाच सांगा आणि प्रकार नीट सांगा: फक्त लांब चालवत नाही, की विमानाचा जिना चढवत नाही, की सीटपर्यंतही न्यावं लागतं. हे तीन वेगळे प्रकार आहेत. नुसतं 'व्हीलचेअर पाहिजे' म्हटलं की बहुतेक वेळा पहिलाच मिळतो.

गुठळी

तासन्‌तास बसून राहिलं की पोटरीच्या खोल शिरांतलं रक्त वर ढकललं जात नाही. पोटरीचा स्नायू हाच त्याचा पंप, आणि तो बंद असतो. तिथे गुठळी धरली आणि सुटून फुप्फुसात गेली की जीव जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेला हिशेब असा: चार तासांहून लांबच्या प्रवासाने धोका दुप्पट होतो, तरी एकूण सहा हजारांत एकालाच होते. पॅरिसच्या विमानतळावर उतरलेल्यांच्या अभ्यासात पाच हजार किलोमीटरच्या आतल्या प्रवासात फुप्फुसातली गुठळी जवळजवळ दिसलीच नाही, त्यापुढे ती दहा लाखांत दीड आणि दहा हजार किलोमीटरपुढे जवळपास पाच निघाली. मुंबई-नेवार्क साडेबारा हजारांच्या घरात आहे.

महत्त्वाची गोष्ट ही की हा धोका विमानाचा नाही, बसण्याचा आहे. बस, गाडी, रेल्वे, सगळ्यांत तो आहे आणि लागोपाठच्या प्रवासांत तो साचतो. म्हणून महामार्गावर दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवा: कराड, सातारा, खेड-शिवापूर, मग एक्स्प्रेसवेचा फूडमॉल. नुसतं चहाला थांबून गाडीतच बसायचं नाही. खाली उतरून पाच मिनिटं चालायचं. शक्य असेल तर एक दिवस आधी मुंबईत किंवा पनवेलला मुक्काम करा. कोल्हापूरच्याच उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईचं विमान सोयीच्या वेळेला मिळालं तर रस्त्याचे आठ तास सरळ वाचतात.

जास्त धोका कुणाला? आधी गुठळी झालेल्यांना, कॅन्सरचे उपचार सुरू असणाऱ्यांना, महिना-दीड महिन्यात ऑपरेशन झालेल्यांना, पायाला प्लॅस्टर असणाऱ्यांना, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांना, हॉर्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना, वजन फार असणाऱ्यांना. आणि उंची १६० सेंटिमीटरपेक्षा कमी असणाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक आज्यांना. त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, सीटची कड गुडघ्यामागे रुतते आणि शीर दाबली जाते. उपाय सोपा आहे: छोटी मऊ बॅग पायाखाली घ्यायची, गुडघे कमरेच्या पातळीला आले पाहिजेत. फक्त विमान उडताना-उतरताना ती समोरच्या सीटखाली सरकवायची.

स्टॉकिंग, म्हणजे पोटरी दाबून धरणारे घट्ट मोजे घ्या, गुडघ्याखालपर्यंतचे, पाकिटावर १५ ते २० एमएमएचजी लिहिलेले. साइज चपलेच्या नंबरावरून घेऊ नका. सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आधी, टेपने तीन मापं घ्या: घोट्याच्या वरचा सर्वांत बारीक भाग, पोटरीचा सर्वांत जाड भाग, आणि टाचेपासून गुडघ्याच्या वाटीखालपर्यंतची लांबी. ती मेडिकलवाल्याला दाखवा. घालायचे कोल्हापुरातच, गाडीत बसण्याआधी. वरची कड दुमडली की तिथेच दोरी बांधल्यासारखं होतं आणि फायद्याऐवजी तोटा. चालताना पोटऱ्या दुखून थांबावं लागत असेल, किंवा मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. अशा पायाला आधीच रक्त कमी पोचत असू शकतं.

सीट पॅसेजलगतची घ्या. खिडकीतला माणूस दोघांना उठवायला लाजतो आणि बसून राहतो. जागं असताना दर अर्ध्या तासाला टाच टेकवून पंजा वर, मग पंजा टेकवून टाच वर, तीस वेळा. दर दीड-दोन तासांनी उठून फेरी. झोपेची गोळी नको, दारू नको. गाढ झोपलेला माणूस सहा तास कूस बदलत नाही.

'रक्त पातळ व्हायला' अ‍ॅस्पिरिन घेऊन बसायचा सल्ला घरोघरी मिळतो. प्रवासातल्या गुठळीसाठी ती कुणी स्वतःहून घेऊ नये. हृदयासाठी आधीच सुरू असेल तर मात्र बंद करू नका. खूप धोका असणाऱ्याला डॉक्टर हेपॅरिनच्या जातीचं इंजेक्शन देतात, तो निर्णय त्यांचाच.

आणि नव्या कोल्हापुरी चपला. पाय सुजतात, करकरीत चामडं ढिलं होत नाही. पाहुण्यांसाठी न्यायच्या तर बॅगेत न्या, पायात जुने सैल बूट.

पाणी, गोळ्या, शुगर

केबिनमध्ये आर्द्रता दहा-वीस टक्केच असते, त्याने डोळे-घसा कोरडे पडतात. पण खरी अडचण वेगळी आहे: संडासला उठायला नको म्हणून म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत. जागं असताना तासाला एक पेला द्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात पाण्याला मर्यादा असेल तर तीच पाळायची. 'लघवीची गोळी' प्रवासापुरती बुडवणं हाही उठायचं टाळण्याचाच प्रकार. तिच्या अभावी फुप्फुसात पाणी भरू शकतं. वेळ बदलता येते, पण डॉक्टरांना विचारून.

भोवळ बहुतेकदा झोपेतून ताडकन उठून संडासला जाताना येते. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांवर असणाऱ्यांना जास्त. आधी ताठ बसायचं, एक मिनिट पाय हलवायचे, सीटला धरून उभं राहायचं, मग चालायचं. कुणी कोसळलंच तर उचलून खुर्चीत बसवू नका. आडवं ठेवून पाय वर करा.

इन्शुलिन आणि सगळ्या गोळ्या हातातल्या बॅगेत. सामानाच्या डब्यात इन्शुलिन गोठू शकतं, आणि गोठलेलं वाया जातं. अमेरिकेकडे जाताना दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो, येताना आखडतो. लांब काम करणाऱ्या इन्शुलिनचा डोस दोन्ही वेळा बदलावा लागू शकतो, म्हणून डॉक्टरांकडून जायचा आणि यायचा असे दोन तक्ते लिहून घ्या आणि उतरेपर्यंत घड्याळ भारतीय वेळेवर ठेवा. जेवणाआधीचं इन्शुलिन ट्रे समोर आल्यावरच घ्यायचं. जेवणाची गाडी तीन ओळींवर दिसतेय म्हणून टोचलं आणि तेवढ्यात विमान हलायला लागून जेवण थांबलं की शुगर कोसळते. खिशात ग्लुकोज ठेवा, पंधरा ग्रॅम म्हणजे तीन चमचे. प्रवासाच्या दिवशी एकादशी आली तर उपवास नको.

सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी), इनहेलर वरच्या कप्प्यात नाही, सदऱ्याच्या खिशात.

विमानात बिघडलंच तर

डोक्यावरचं बटण दाबा आणि 'छातीत दुखतंय' असं थेट सांगा. 'जरा बरं नाही' म्हटलं तर लिंबूपाणी येतं. सोबत एक पानी इंग्रजी पत्र हवं: आजार, औषधांची मूळ नावं आणि डोस, अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचा फोन. जुन्या ईसीजीचा फोटोही हवा. विमानात डॉक्टर प्रवासी भेटलाच तर नव्या त्रासाशी ताडून पाहायला त्याच्या तो फार कामी येतो. कर्मचाऱ्यांकडे ऑक्सिजन, औषधांची पेटी आणि हृदयाला झटका देणारं यंत्र असतं, जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलायची सोयही असते. विमान उतरवायचं की नाही हे वैमानिक ठरवतो, आणि अटलांटिकवर असताना जवळचा विमानतळही तासा-दोन तासांवर असू शकतो.

मृत्यू झाला तर देह शक्यतो रिकाम्या ओळीत, पट्टा बांधून, मानेपर्यंत पांघरूण घालून ठेवतात. उतरल्यावर पोलीस आणि तिथले वैद्यकीय अधिकारी येतात. परत आणायला मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट आणि भारतीय वकिलातीचं ना-हरकत पत्र लागतं. भारताच्या बाजूची परवानगी २०२३ पासून आरोग्य खात्याच्या ई-केअर पोर्टलवर मिळते. शवपेटी मुंबईत प्रवासी टर्मिनलवर येत नाही, कार्गोत येते, त्यामुळे कोल्हापूरहून गेलेल्या रुग्णवाहिकेला तोच पत्ता द्या. हा खर्च मोठा असतो. प्रवास विमा घेताना देह परत आणण्याचं कलम आहे का ते बघा आणि जुने आजार लपवू नका. लपवलेल्या बीपीवरूनही दावा नाकारला जातो.

उतरल्यावर

दोन्ही पाय थोडे सुजणं नेहमीचं आहे, दोन दिवसांत उतरतं. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर ती गुठळी समजून त्याच दिवशी डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करून घ्या. दम लागणं, खोल श्वास घेताना छातीत कळ, थुंकीत रक्त, यांपैकी काही असेल तर थेट तातडीच्या विभागात. धोका प्रवासानंतर चार ते आठ आठवडे राहतो, त्यामुळे परत कोल्हापुरात आल्यावर महिन्याने त्रास झाला तरी डॉक्टरांना विमानप्रवास आवर्जून सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही. आणि 'प्रवासाने पाय आखडलाय' म्हणून कुणी कोमट तेल घेऊन पोटरी चोळायला बसलं तर हात धरा. गुठळी सुटायला तेवढं चोळणं पुरतं.