दात कुठला ते आधी विचारा

एनॅमलच्या, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचाच्या, ईपीआरवर (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स; या मोजणीतून त्या माणसाला किती किरणोत्सर्ग लागला ते काढतात) नव्याने काम सुरू करणाऱ्यांना तळतळून सांगते: दाताचा क्रमांक कळल्याशिवाय तो दात घेऊच नका.

माझे सात महिने यात गेले. मी तासगावची. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, म्हणून तिथल्या ओळखीच्या डेंटिस्टांकडून काढलेले दात गोळा केले. एथिक्स कमिटीची परवानगी, संमतीपत्रं, वय, सगळं जागेवर होतं. दाताचा क्रमांक तेवढा लिहून घेतला नव्हता. काही नमुन्यांचा किरणोत्सर्गाचा डोस इतरांच्या कितीतरी पट आला. काहीतरी हाती लागलं असं वाटलं, गाईडनीही मान डोलावली.

ते निघाले पुढचे दात, दिवसभर द्राक्षबागेत राबणाऱ्या माणसांचे. गॅमा किरणांनी होतात तेच सीओटू रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेले कण, ईपीआर त्यांचाच सिग्नल पकडतं) उन्हातल्या अतिनील किरणांनीही एनॅमलमध्ये तयार होतात. सिग्नल त्याच जागी, ईपीआरच्या आलेखावर जी-मूल्य २.००१८ च्या आसपास. कितीही धुवा, घासा, आलेखाचं गणिती फिटिंग करा, तो वेगळा काढता येत नाही. शेवटी उरलेल्या दातांची ओठाकडची आणि जिभेकडची बाजू कापून वेगवेगळी मोजली. ओठाकडे भरपूर, जिभेकडे नेहमीएवढाच. आरपार जाणारे गॅमा किरण असा भेद करत नाहीत. पण दाताचा एक्स-रे तसा भेद करतो, आणि कमी ऊर्जेच्या एक्स-रेला एनॅमल जास्तच प्रतिसाद देतं, म्हणून एक्स-रे किती वेळा काढला तेही विचारा. शक्यतो दाढाच घ्या.

बाकीचं हाताला सवयीने येतं. डेंटिन (एनॅमलच्या आतला थर) पूर्ण काढा, नाहीतर २.००४५ चा सेंद्रिय सिग्नल सगळं झाकतो. ड्रिल पाण्याखालीच चालवा. फार बारीक दळू नका, दळण्यानेही सिग्नल येतो. शंभर मिलिग्रॅम पुरतं.

दुसऱ्याचा कॅलिब्रेशनचा आलेख (सिग्नलवरून डोस काढायचा) उसना घेणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. कोबाल्ट-६० या गॅमा किरणांच्या स्रोतावर आपल्याच नमुन्याला वाढीव डोस द्या. आणि ज्यांनी स्वतः कधी दात कापलेला नाही, त्यांनी ‘चालेल’ म्हटलं तरी थांबा.

पहिले आकडे वेडेवाकडे आले तर खचू नका. हे रॅडिकल टिकाऊ असतात. हिरोशिमातून वाचलेल्यांचे दात स्फोटानंतर कित्येक दशकांनी मोजले गेले. नमुना नीट ठेवलात तर तो पुन्हा मोजता येतो.

आता मी डेंटिस्टांकडे डब्यांसोबत छापील चिठ्ठ्याच देऊन ठेवते: दाताचा क्रमांक, एक्स-रे, उन्हातलं काम. चिठ्ठी कोरी आली तर डबी परत जाते.