अमेरिकेतील कृष्णवर्णीय वसाहतकार कुटुंबाचा माग जुन्या दप्तरांतून कसा काढावा

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने नागरिकांना सरकारी जमिनीतील १६० एकरांचा तुकडा मागण्याची मुभा दिली. अट एवढीच की तेथे पाच वर्षे राहून शेती करावी. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीयांच्या नागरिकत्वावर शिक्कामोर्तब झाले आणि पुढे कॅन्ससमधील निकोडेमस (१८७७) किंवा कोलोराडोतील डिअरफील्ड (१९१०) यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. अशा एखाद्या कुटुंबाचा शोध घ्यायचा असेल, तर अलीकडच्या काळाकडून मागे जावे, कारण उलट दिशेने निघणाऱ्याची वाट लवकरच खुंटते.

प्रारंभ जनगणनेपासून करावा. १८९० च्या नोंदी १९२१ च्या आगीमुळे बहुतांशी हाती राहिलेल्या नाहीत. मात्र कॅन्ससची १८८५ ची राज्य जनगणना ही पोकळी काही अंशी भरून काढते, आणि तिच्यात माणूस कोठून कॅन्ससला आला याचाही रकाना आहे.

त्यानंतर जमिनीच्या पट्ट्याकडे, म्हणजे सरकारने मालकी दिल्याच्या दस्तऐवजाकडे वळावे. केंद्रीय भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर राज्य, काउंटी (जिल्हा) आणि आडनाव देऊन पट्टा शोधता येतो. पट्ट्यावर अर्जदाराचा वंश नोंदलेला नसतो, त्यामुळे नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे मानू नये. जनगणनेतील नोंदीशी ताडून पाहावे. पट्ट्यावरील भूमी कार्यालयाचे नाव, दाखल्याचा क्रमांक आणि जमिनीचे वर्णन टिपून घ्यावे, कारण राष्ट्रीय अभिलेखागाराकडून मूळ फाइल मागवताना हाच तपशील लागतो.

खरा ऐवज त्या फाइलमध्ये आहे. हक्क पक्का करताना अर्जदाराला घर कधी बांधले, कुटुंबात कोण कोण आहे, मध्यंतरी जमीन सोडून कोठे गेला होता का, किती एकर नांगरले आणि किती हंगाम पीक घेतले, या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. सैनिकांना १८७२ पासून लष्करातील सेवेचा काळ पाच वर्षांतून वजा करून मिळे; तसा दावा दिसल्यास निवृत्तिवेतनाची फाइलही मागवावी, कारण विधवेच्या अर्जात विवाहाचा आणि मुलांचा तपशील हमखास येतो.

बहुतेकजण घाईत ज्या पानाकडे दुर्लक्ष करतात, ते साक्षीदारांचे. माझ्या मते संपूर्ण फाइलमध्ये त्याच्याइतके मोलाचे पान नाही. साक्षीदार सहसा शेजारी असत, आणि अशा वसाहतींत शेजारी म्हणजे अनेकदा एकाच गावाहून आलेली मंडळी. निकोडेमसचे बरेच रहिवासी केंटकीतील जॉर्जटाउन परिसरातून आलेले होते. म्हणून मूळ कुटुंबाचा थांग लागत नसेल, तर साक्षीदारांची नावे घेऊन १८७० च्या जनगणनेत तेथील स्कॉट काउंटी धुंडाळावी. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांची नावे केंद्रीय जनगणनेत सरसकट प्रथम आली ती याच वर्षी. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण नोंदलेले आहे. म्हणून तेथवर पोहोचल्यावर फ्रीडमन्स ब्यूरो (मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीसाठीचे सरकारी खाते) आणि फ्रीडमन्स बँक (त्यांच्यासाठीची बचत बँक) यांची दप्तरे तपासावीत. बँकेच्या खातेनोंदींत कित्येकदा आईवडिलांची व भावंडांची नावे सापडतात.

पट्टा मिळाला नाही, तर कुटुंब तेथे नव्हतेच असा निष्कर्ष काढू नये. दुष्काळामुळे किंवा पैशाअभावी अनेकांनी मुदत पुरी होण्याआधीच जमीन सोडली, आणि अशा अर्जांवर पट्टा निघतच नसे. त्यांची नोंद भूखंडांच्या नोंदवह्यांत पाहावी. त्या आडनावानुसार नव्हे, तर टाउनशिप, रेंज आणि सेक्शन या भूमापनातील विभागांनुसार लावलेल्या असल्याने येथेही साक्षीदाराच्या जमिनीच्या वर्णनावरून आजूबाजूचे तुकडे तपासणे सोयीचे पडते.