जुन्या इंजिनातले सैल ऑइल गॅलरी प्लग कसे बदलावेत

पद्मिनी किंवा अँबॅसॅडरचं इंजिन नव्याने बांधलं, नवी बेअरिंग घातली, तरी गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडतं. मग सगळे ऑइल पंपाच्या मागे लागतात. पण ब्लॉकमध्ये तेल नेणारी लांब भोकं, म्हणजे ऑइल गॅलरी, टोकांना प्लगने बंद केलेली असतात. टायमिंग कव्हरच्या आतला प्लग सैल असेल तर ऑइल गुपचूप खालच्या ऑइल चेंबरमध्ये परत पडतं, बाहेर एक थेंब दिसत नाही. फ्लायव्हीलमागचा गळला तर क्लच तेलकट होतो आणि दोष जातो ऑइल सीलवर. ब्लॉक उघडा आहे तोवरच हे प्लग बघा.

जुने काढणं सोपं आहे. आट्यांचा असेल तर गरम करून फिरवा. ठोकून बसवलेला असेल तर मधोमध भोक पाडा, त्यात आटे पाडा आणि बोल्ट लावून ओढा. ब्लॉक धुण्यासाठी कॉस्टिक सोड्याच्या टाकीत जाण्याआधी सगळे प्लग निघालेच पाहिजेत. ॲल्युमिनियमचा प्लग कॉस्टिक खाऊन टाकतं, आणि प्लगमागे साचलेला गाळ मात्र तसाच राहतो.

ठोकायचा प्लग एकदा सैल झाला की तोच परत ठोकून कडेने पंच मारू नका, वरून एपॉक्सी थापू नका. भोकात आटे पाडून टेपर, म्हणजे आट्यांचा निमुळता, प्लग बसवा.

खरी मेख इथे आहे. पाइपच्या आट्यांची दोन मापं चालतात: ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी. १/८ बीएसपीला इंचात २८ आटे, एनपीटीला २७. शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. एकाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणि दुसऱ्याचा प्लग घेतला तर सुरुवातीला लागतो, मग अडकतो, आणि जोर लावला की ब्लॉकचं बीड (कास्ट आयर्न) तडकतं. मुंबईतली पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तडकलेल्या ब्लॉकच्या बदली चांगला मिळवायला आता कुर्ल्याचं भंगार पालथं घालावं लागतं. म्हणून नागदेवी स्ट्रीटला टॅप आणि प्लग एकाच दुकानातून घ्या आणि आधी भंगारातल्या बिडाच्या तुकड्यावर लावून बघा.

टॅप टेपर असतो: १६ मिलिमीटर खोलीला व्यास १ मिलिमीटरने बदलतो. थोडा जास्त आत घातला की प्लग खोल जातो. आत थोड्याच अंतरावर क्रँकच्या मेन बेअरिंगकडे जाणारं आडवं भोक असतं. प्लगने ते झाकलं, तर त्या बेअरिंगला तेलच मिळत नाही. आधी वाकवलेल्या तारेने त्या भोकापर्यंतची खोली मोजा. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवा. थोडं झालं की काढा, पुसा, प्लग हाताने लावून बघा. हाताने चारेक आटे गेला की टॅपिंग थांबवा. ॲलन कीचे पुढचे एक-दोन फेरे त्याला पुरतात. प्लग लांब असेल तर आतलं टोक ग्राइंडरवर कमी करा. बाहेरचं तोंड ब्लॉकच्या पातळीवर किंवा किंचित आत हवं.

बिडाचा चुरा काळ्या पुडीसारखा पडतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की बराचसा त्यात अडकतो. उरलेला रॉकेल, लांब ब्रश आणि दोन्ही बाजूंनी हवा मारून काढा. पांढरं फडकं आत घालून पांढरंच बाहेर येईपर्यंत थांबू नका.

टेफलॉन टेप इथे अजिबात नको. तिची एखादी चिंधी सुटली की थेट बेअरिंगच्या भोकात. आटे थिनरने कोरडे करा आणि लॉकटाइटसारखं द्रव सीलंट लावा, पहिला आटा कोरा ठेवून.

क्रँक बसवण्याआधी प्रेशर स्विचच्या भोकातून ऑइल कॅनने तेल सोडा. प्रत्येक मेनच्या भोकातून ते आलं पाहिजे. एखादं कोरडं राहिलं तर तिथला प्लग काढून आखूड करा. काम पावसाळ्यात असेल तर धुतलेल्या ब्लॉकला त्याच संध्याकाळी तेल फासा. मुंबईच्या दमट हवेत बोअर एका रात्रीत तांबूस होतात.